तडतडीनंतरची ऐंशी सेकंदं

कच्च्या कॉफीला कॉफीचा वास येत नाही, हे मला पिशवी फोडेपर्यंत ठाऊक नव्हतं. नाक खुपसलं तर आत गोणपाट आणि वाळलं गवत. दाणे फिकट हिरवट, थोडे राखाडी आणि इतके टणक की एक दाढेखाली धरून पाहिला तर दाढच कुरकुरली. चांगले किलोभर मागवले होते. "ताई, एवढ्यात तू शिकशील तरी, नाहीतर कायमचा नाद तरी सोडशील," असं धाकट्या बहिणीचं मत पडलं.

माझा हिशेब साधा होता. भाजलेली कॉफी काही आठवडे चांगली लागते, मग वास उतरायला लागतो. दळून ठेवली तर त्याहून कितीतरी लवकर. कच्चे दाणे मात्र कोरड्या, थंड, अंधाऱ्या जागी महिनोन् महिने टिकतात. मग दाणे भरून ठेवावेत आणि लागतील तसे मूठ-दोन मुठी भाजावेत. शिवाय हे काही नवं शास्त्र नाही. १८६४ साली न्यूयॉर्कच्या जेबेझ बर्न्सनं विस्तवावरून न हलवता रिकामा करता येईल असा भाजणीचा पिंप काढला आणि कारखान्यातली भाजणी सोपी झाली. त्याआधी कितीतरी घरांत कच्चेच दाणे आणून चुलीवर भाजत. त्यांना जमलं ते मला न जमायला काय झालं, अशा तोऱ्यात मी कढई चढवली.

पहिला घाणा १०० ग्रॅमचा. जाड बुडाची लोखंडी कढई, मध्यम आच, हातात लाकडी उलथनं. 'सतत हलवत राहा' एवढंच डोक्यात. पहिली चार मिनिटं काहीच घडलं नाही, फक्त मनगट दुखायला लागलं. मग काही दाणे पिवळे झाले, काही हिरवेच राहिले आणि काहींच्या पोटावर काळे डाग उमटले. फोलपटं सुटून शेगडीभर उडायला लागली. त्यातली दोन-चार आचेवर पडून ठिणग्यांसारखी पेटली. आणि तडतड सुरू झाली. मी हरखले. कॉफी दोनदा तडतडते हे वाचलं होतं. पहिली तडतड जोरकस, मक्याच्या लाहीसारखी. मग थोडी शांतता. मग दुसरी, बारीक आणि घाईची. ही पहिली, आता शांतता येईल, म्हणून मी कान लावून उभी. शांतता काही येईना. निम्म्या दाण्यांची पहिली चालू असतानाच उरलेल्यांची दुसरी सुरू झाली होती. तोवर समोरची भिंत धुरात दिसेनाशी झाली.

"अगं, काय जाळतेयस?" आतून आई.

"कॉफी भाजतेय."

"असं होय."

त्या 'असं होय'चं उत्तर द्यायला मला पुढचे दोन महिने लागले.

गार झाल्यावर वजन केलं तर १०० ग्रॅमचे ७९ उरले होते. कच्च्या दाण्यात १० ते १२ टक्के पाणी असतं, त्यातलं बहुतेक उडतं. शिवाय दाण्यातलाही काही भाग वायू होऊन जातो. हलक्या भाजणीत साधारण ११ ते १३ टक्के घट येते, मध्यम भाजणीत १४ ते १६, गडद भाजणीत १७-१८ आणि पुढे. माझी २१ म्हणजे कोळशाच्या वाटेवरची. पण हा सरासरीचा आकडा आणि सरासरी फसवी. ताटलीत दाणे पसरले तर त्यात काळेकुट्ट तेलकटही होते, तपकिरीही होते आणि दहा-बारा चक्क पिवळे. त्यांची कॉफी केली. एकाच घोटात करपटही लागली आणि हिरवटही. बहिणीनं कप खाली ठेवला. "ताई, ही कॉफी नाही, तडजोड आहे."

दोष कढईला देणं सोपं होतं, आणि थोडा तिचा होताच. कॉफीचा दाणा एका अंगानं चपटा असतो. कितीही हलवा, तो फिरून त्याच अंगावर बसतो आणि तापलं लोखंड त्याच अंगाला चटके देतं. कॉफीच्या फळात एरवी दोन बिया समोरासमोर चपट्या वाढतात; कधीकधी एकच बी वाढते आणि गोल राहते, तिला पीबेरी म्हणतात. ती कढईत गरागरा फिरते म्हणून सारखी भाजली जाते. माझ्या पिशवीत अशा पाच-सहाच निघाल्या आणि संपूर्ण घाण्यात तेवढ्याच शहाण्यासारख्या वागल्या होत्या.

कपाटात गरम हवेवर चालणारं पॉपकॉर्नचं यंत्र धूळ खात पडलं होतं. दाणे धातूवर न ठेवता गरम हवेच्या झोतावर नाचवत भाजणारं यंत्र मायकेल सिव्हेट्झ या अमेरिकन केमिकल इंजिनिअरनं काढलं, १९७६ साली त्याला पेटंट मिळालं. आणि लाह्या फोडणारं घरगुती यंत्र म्हणजे जवळपास त्याच तत्त्वाचं पोर. मात्र सगळी यंत्रं चालत नाहीत. आत डोकावून पाहायचं. हवा तळाच्या जाळीतून सरळ वर येत असेल तर ते कॉफीला वापरू नये, कारण फोलपटं जाळीतून खाली तापलेल्या तारेवर पडून पेट घेऊ शकतात. भांड्याच्या भिंतीला तिरक्या फटी असतील तर हवा गोल फिरते आणि दाणेही तिच्याबरोबर भोवऱ्यासारखे फिरतात. माझ्या यंत्राला फटी होत्या. नशीब, मी हे सगळं यंत्र बाहेर काढल्यावर वाचलं. एक मात्र खरं की अशी यंत्रं तीन-चार मिनिटं चालायच्या बेतानं बनवलेली असतात. कॉफीला त्याहून जास्त वेळ राबवलं की वरचं प्लास्टिकचं झाकण मऊ पडतं. माझं दुसऱ्याच घाण्याला वाकडं झालं. त्याच्या जागी मी दोन्हीकडून कापलेला पत्र्याचा डबा धुराड्यासारखा बसवला, तो अजून आहे.

या यंत्रातला पहिला घाणा पाहताना मी कढई विसरले. ८५ ग्रॅम दाणे घातले. आधी जड असल्यानं ते हलेनात, लाकडी चमच्याच्या दांड्यानं ढवळावे लागले. दीडेक मिनिटात पाणी उडून हलके झाले आणि आपले आपण फिरायला लागले. हिरव्याचे पिवळे झाले, आणि ओल्या गवताचा वास जाऊन पावाच्या भाजल्या कडेसारखा वास यायला लागला. फोलपटं डब्यातून भुरभुर वर उडत होती, चिमणीनं घरटं झटकावं तशी. तीन मिनिटं पाच सेकंदांनी पहिली तडतड. टप्. टप् टप्. मग एकदम पाऊस. यातला आवाज कढईपेक्षा स्वच्छ. दाण्यातल्या पाण्याची वाफ आणि आत तयार झालेले वायू भिंतींवर दाब देतात, भिंत फुटते आणि दाणा एकदम फुगतो. हे वाचलेलं होतं. पण पारदर्शक नसलेल्या यंत्राच्या तोंडातून डोळे बारीक करून एक दाणा डोळ्यांदेखत ताणून गुळगुळीत होताना पाहिला तेव्हा मी बटणावरचा हात काढून टाळी वाजवायची तेवढी राहिले.

आणि घाबरून तीन मिनिटं तीस सेकंदांना यंत्र बंद केलं.

कढईनं पोळलेली होते ना. रंग दालचिनीसारखा सुरेख, एकसारखा. डाग नाही, धूर नाही. ८५ ग्रॅमचे ७६. मी ताटली सगळ्यांना दाखवत फिरले. मग हातानं फिरवायच्या ग्राइंडरमध्ये दाणे घातले आणि दांडा अडला. जोर केला तर ग्राइंडरच हातात फिरला. कमी भाजलेला दाणा दळायला किती कठीण असतो ते त्या दिवशी मनगटाला कळलं. कॉफी आंबट झाली, पण फळाचा आंबटपणा वेगळा आणि हा वेगळा. जिभेच्या कडांना ओढून धरणारा, मागे कच्च्या शेंगेची चव ठेवून जाणारा. एक दाणा सुरीनं मधोमध कापला. बाहेरून तपकिरी, आत फिकट, चिवट.

"गवताचा काढा," बहीण म्हणाली. "पण एकजिनसी आहे हं. प्रगती आहे."

पुढच्या घाण्याला अर्थातच उलटं. या वेळी थांबायचं नाही म्हणून ठरवूनच बसले, आणि त्यात आधीच्या घाण्यानं तापलेल्या यंत्रात लगेच दुसरे दाणे ओतले. ही चूक मी तीनदा केली, म्हणून अधिकारानं सांगते. तापल्या यंत्रात सगळं घाईनं होतं. दोन मिनिटं चाळीस सेकंदांनाच पहिली तडतड, आणि ती नीट संपते न संपते तोच दुसरी. तिचा आवाज वेगळा असतो, सुक्या काडक्या एकदम चुरगळाव्यात तसा. एव्हाना दाण्याचा लाकडासारखा सांगाडा ठिसूळ झालेला असतो आणि साठलेला कार्बन डायऑक्साइड त्याला तडे पाडत बाहेर येतो. तेल वर यायला लागतं. निळसर धूर. बटण बंद केलं तरी दाणे भांड्यात तसेच राहिले होते, आणि तापलेला दाणा बटण बंद झालं म्हणून भाजायचा थांबत नाही. मी चाळण शोधत होते. चाळण सापडेपर्यंत माझी 'मध्यम' भाजणी गडद होऊन गेली.

तेव्हापासून दोन स्टीलच्या चाळण्या आधी मांडून ठेवते आणि मगच यंत्र लावते. हवा तो रंग दिसायच्या थोडं आधी बंद करायचं, दाणे एका चाळणीत ओतायचे आणि खिडकीशी उभं राहून या चाळणीतून त्या चाळणीत ओतत पाखडायचे. तीन-चार मिनिटांत हाताला कोमट लागायला हवेत. उरलंसुरलं फोलपट वाऱ्यानं उडतं. पहिल्यांदा मी हे घरात केलं. फोलपटं पुढचे आठ दिवस पडद्यांत, पुस्तकांत आणि एकदा आईच्या चष्म्याच्या घरात सापडली.

यानंतरचे पंधरा दिवस सांगण्यासारखे नाहीत, पण सांगते, कारण खरी चूक तिथे होती. एकदा मी दाणे कमी घेतले, आणि त्याच दिवशी यंत्र खिडकीजवळ नेलं, आणि ते नेण्यासाठी लांब वायरचा बोर्ड जोडला. घाणा लांबतच गेला. नऊ मिनिटं झाली तरी तडतड नाही. मग एखादा दाणा टप्, मिनिटभरानं दुसरा टप्. तेराव्या मिनिटाला कंटाळून बंद केलं. रंग अगदी पुस्तकी. चव मात्र काहीच नाही. आंबट नाही, कडू नाही, गोड तर नाहीच. शिळ्या पावाला कागदात गुंडाळून उकळावं तशी. भाजणाऱ्या मंडळींच्या भाषेत ही 'बेक्ड' कॉफी. दाण्याचं तापमान मधेच रेंगाळलं की ती अशी निर्जीव होते. पण ती झाली कशामुळे? दाणे कमी म्हणून? खिडकीतल्या गार हवेमुळे? की वायरमुळे? तीन गोष्टी एकदम बदलल्या होत्या, त्यामुळे मला काहीच कळलं नाही. एकेक करून पाहिलं तेव्हा मुख्य गुन्हेगार वायर निघाली. लांब, पातळ वायरमध्ये विजेचा दाब उतरतो, यंत्राला पुरती वीज मिळत नाही आणि हवा तापत नाही. ती वायर हाताला गरम लागत होती, हे मला आधी खटकायला हवं होतं. असलं यंत्र हजार-बाराशे वॉटचं असतं. त्याला पातळ वायर लावणं म्हणजे कॉफीआधी बोर्ड भाजणं.

मग मी थर्मामीटरच्या नादी लागले. बारीक तारेचं थर्मोकपल आणलं आणि दाण्यांच्या भोवऱ्यात सोडलं. वाचलेल्या हिशेबानं पहिली तडतड १९६ अंशांच्या आसपास आणि दुसरी २२४ च्या आसपास यायला हवी. माझ्याकडे पहिली २०८ ला आली. दुसऱ्या दिवशी २०१. तार जरा वर सरकली की तिला दाणे कमी लागतात आणि गरम हवा जास्त, म्हणजे आकडा दाण्याचा नसतोच, तारेच्या जागेचा असतो. चार दिवस मी दाण्यांकडे न पाहता त्या लाल आकड्यांकडे पाहत बसले आणि चारही घाणे बिघडवले. आकडा हवा असेल तर तार एकदा पक्की बांधून टाकावी आणि जगाच्या आकड्यांशी न ताडता आपल्याच कालच्या आकड्याशी ताडावी. माझी तार आता डब्याला बांधलेली आहे. मी तिच्याकडे पाहते, पण दोन नंबरनं.

एक नंबरला वही आली. शाळेची दोनशे पानी, त्यातली निम्मी कोरी होती. घाण्याला एक ओळ. दाणे किती ग्रॅम, पिवळे कधी झाले, पहिली तडतड कधी लागली, बंद कधी केलं, वजन किती उरलं, खोली गार की गरम. शेवटचा रकाना चवीचा, तो चौथ्या दिवशी भरायचा. आणि नियम एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दाणे ८५ ग्रॅम, यंत्र भिंतीतल्या सॉकेटला, दोन घाण्यांत अर्धा तास विश्रांती. बदलायचं फक्त तडतडीनंतर किती थांबायचं ते.

तिथे पहिल्यांदा मला कळलं की मी आजवर चुकीच्या जागी लक्ष देत होते. तडतडीपर्यंतचा वेळ ही बरीचशी यंत्राची आणि दाण्यांची गोष्ट. तडतड लागली की पुढचं मिनिट-दीड मिनिट ही माझी गोष्ट. पहिल्या टप्पासून बंद करेपर्यंतचा वेळ एकूण वेळाच्या साधारण पाचवा भाग असावा, थोडा इकडेतिकडे, असा एक ढोबळ आडाखा आहे. माझा तो दालचिनी रंगाचा घाणा घ्या. साडेतीन मिनिटांतली पंचवीस सेकंदं, म्हणजे १२ टक्के. म्हणून तो आत कच्चा. मग मी ४० सेकंदं थांबून पाहिलं, मग ६०, मग ८०, मग १००. चार घाणे, चार बरण्या, चारी एकाच पिशवीतल्या दाण्यांच्या. चौथ्या दिवशी बहिणीला कपांवर नंबर न दाखवता प्यायला दिल्या.

चाळीसला तिनं तोंड वाकडं केलं. साठला म्हणाली, "लिंबू पिळलंयस का?" शंभरची तिला आवडली, "ही आपली नेहमीची." ऐंशीचा कप घेऊन ती काहीच न बोलता खिडकीत जाऊन बसली. मी विचारलं तर म्हणाली, "थांब गं, पिऊ दे." त्या कपात आंबटपणा होता, पण तो आधी येऊन नंतर गोड होत होता, आणि गार होताना आणखी गोड. वहीत त्या ओळीभोवती मी लाल पेननं चौकट काढली आहे. ८५ ग्रॅम, तडतड चार मिनिटं वीस सेकंदांना, बंद पाच मिनिटं चाळीस सेकंदांना, उरले ७२.५. घट १४.७ टक्के.

ती ऐंशी सेकंदं म्हणजे नेमकं काय, हे आता सांगता येतं, पण सुरुवातीला मला ती एकच घाई वाटायची. पहिल्या तडतडीबरोबर एक झोंबरा वास येतो, व्हिनेगरची बाटली उघडल्यासारखा. नाक चटकन मागे घेतो आपण. तडतड ऐन भरात असताना तो तसाच राहतो. मग आवाज विरळ होत जातात आणि वास वळतो, झोंबणं जाऊन साखर जळायच्या आधीचा जाडसर गोड वास येतो. दाण्यावरच्या सुरकुत्या ताणल्या जातात, मधल्या चिरेतलं फोलपट फिकट दिसतं. माझी ऐंशी सेकंदं म्हणजे हे वळण आणि वर थोडंसं. त्यानंतर धुराची पहिली कडवट झुळूक येते. ती आली की माझ्या चवीला उशीर झालेला असतो. खोली गार असेल तर हेच वळण नव्वद सेकंदांवर येतं, दुपारी सत्तरवर. घड्याळ लावते मी अजून, पण हात बटणावर असतो आणि नाक डब्यावर. खिडकी उघडी ठेवूनच. हा धूर फुप्फुसांना बरा नाही, आणि यंत्र चालू असताना दारावरची घंटा वाजली तरी जागा सोडायची नाही. पाच मिनिटांचं काम आहे, घंटा थांबू शकते.

चौथा दिवस कशाला, हे मला एका बरणीनं शिकवलं. पहिल्या चांगल्या घाण्याचे दाणे गार झाल्याबरोबर मी घट्ट फिरकीच्या झाकणाच्या बरणीत भरले होते. दुसऱ्या दिवशी झाकण फिरवलं तर सोड्याच्या बाटलीसारखं फस्सकन वाजलं. भाजलेल्या दाण्यात कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो आणि तो कितीतरी दिवस बाहेर पडत राहतो. कॉफीच्या पिशव्यांना ते बारीक छिद्राचं बटण असतं ते त्यासाठीच. त्या दिवशी गाळणीत गरम पाणी ओतलं तर चुरा फेसाळून वर आला आणि काठावरून बाहेर. चवही फेसासारखीच, वरवर तिखट आणि आत पोकळ. तीन दिवसांनी तीच कॉफी माणसात आली. आता पहिला दिवसभर बरणीचं झाकण नुसतं टेकवून ठेवते. मोह होतो. घरभर वास असतो आणि बरणीकडे फक्त पाहायचं.

भाजायच्या आधी दाणे निवडायलाही मी उशिराच लागले. फुटके, किडीनं भोक पाडलेले, काळे पडलेले दाणे कच्चे असतानाच दिसतात. कच्च्या फळातले दाणे मात्र हिरवेपणी लपून राहतात आणि भाजल्यावर उघडे पडतात. बाकी सगळे तपकिरी आणि हे फिके पिवळे. यांना क्वेकर म्हणतात. पहिल्या कढईतल्या त्या दहा-बारा पिवळ्यांत दोन-तीन हे असणार. बाकीची माझीच कृपा. एक क्वेकर चावून पाहा. कागद आणि जुने शेंगदाणे. कपभर कॉफीत दोन निघाले तरी चव पातळ होते, म्हणून आता गार झाल्यावर पुन्हा एकदा नजर फिरवते.

बहिणीनं एकदा विचारलं, "गडद भाजलेली जास्त कडक ना? म्हणजे झोप उडवायला?" मलाही आधी तसंच वाटायचं. कडूपणा वाढतो, कॅफीन नाही. भाजताना ते जवळपास तेवढंच राहतं. दाण्याचं वजन घटल्यामुळे ग्रॅमच्या हिशेबात गडद कॉफीत किंचित जास्त भरतं, आणि चमच्यानं मोजलं तर दाणे फुगून हलके झालेले असल्यानं उलट कमी. ती म्हणाली, "म्हणजे काय ते एक सांग." मी म्हटलं, "वजन करून घे."

कॅफीनवरून आठवलं. आईला रात्री कॉफी प्यायची असते आणि मग झोप येत नाही, म्हणून मागच्या महिन्यात डीकॅफचे कच्चे दाणे आणले. कॅफीन कच्च्या दाण्यातूनच काढतात, हे तेव्हा कळलं. पिशवी उघडली तर दाणे आधीच तपकिरी! हिरव्याचं पिवळं, पिवळ्याचं तपकिरी, हा माझा सगळा नकाशा एका क्षणात गेला. फोलपट जवळजवळ नाहीच. आणि तडतड इतकी मऊ की पंख्याच्या घरघरीत मला ती ऐकूच येईना. पहिला घाणा तेलकट काळा झाला तेव्हा समजलं की दुसरीसुद्धा होऊन गेली.

दुसऱ्या घाण्याला बहिणीला बोलावलं. तिचे कान माझ्याहून तिखट. ती पत्र्याच्या डब्याजवळ वाकून उभी, मी बटणाशी, आई दारात.

"आता," ती म्हणाली.

"कुठे? मला नाही आलं ऐकू."

"अगं ताई, आता. सुरू झाली."

"एखादा दाणा असेल. थांब."

"बघ बाई."

मी आणखी थोडं थांबले, मग मलाही ऐकू आली आणि तिथून सेकंदं मोजायला लागले. आईनं चौथ्या दिवशी ती कॉफी घेतली, अर्धा कप संपवला आणि म्हणाली, "चांगली आहे. जराशी जास्त झालीय." त्या रात्री वही उघडली तर घाण्याच्या ओळीत चवीचा रकाना आधीच भरलेला होता, बहिणीच्या अक्षरात. 'ताई ऐकत नव्हती. १० सेकंद उशीर.'